हात वर करा, पण कशासाठी?

खांदा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाच्या हातात परतताना बहुधा एक कागद असतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरे पुसट झालेला. त्यावर काड्यांच्या माणसांची सहा-सात चित्रे असतात. एक जण कमरेत वाकून हात लोंबता सोडून उभा, एक जण भिंतीवर बोटे चढवणारा, एकाने पाठीमागे टॉवेल धरलेला. प्रत्येक चित्राखाली तेच वाक्य : दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिले तीन दिवस हा कागद जेवणाच्या टेबलावर राहतो. चौथ्या दिवशी तो फ्रिजच्या दारावर जातो आणि महिनाभराने विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडतो. पुढच्या भेटीत डॉक्टर विचारतात, ‘‘व्यायाम चालू आहेत ना?’’ उत्तर येते, ‘‘हो, चालू आहेत.’’ खरे काय ते दोघांनाही ठाऊक असते. पण सभ्यपणा म्हणून कुणी पुढे विचारत नाही.

यावरचे आपले निदान ठरलेले आहे : आळस. आपल्या लोकांना चिकाटी नाही, गोळी द्या, इंजेक्शन द्या, पण अंग हलवायला सांगू नका, असे डॉक्टरही म्हणतात आणि घरचेही म्हणतात. गंमत अशी, की ज्या बाईबद्दल हे म्हटले जाते ती तीस वर्षे रोज पहाटे पाण्याच्या वेळेला उठलेली असते, आणि आजारपण सोडले तर एकही दिवस न चुकवता तिने वीस-वीस पोळ्या लाटलेल्या असतात. तिच्याकडे चिकाटी नाही असे म्हणणे धाडसाचे आहे. चिकाटी भरपूर आहे. रिकामा हात हवेत दहा वेळा वर करण्याला अर्थ कोणता, एवढेच तिला कुणी सांगितलेले नाही. आणि अर्थहीन गोष्ट रोज तीनदा करणे हे माणसाच्या स्वभावात नाही.

हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. खुब्यासारखी खोल वाटी त्याला नाही. उथळ बशीवर चेंडू टेकवावा तसे दंडाच्या हाडाचे डोके टेकलेले असते आणि चार लहान स्नायू चहूबाजूंनी ते जागेवर धरून ठेवतात. हात पूर्ण डोक्यावर नेताना सुमारे १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातला साधारण दोन तृतीयांश या सांध्याचा आणि एक तृतीयांश पाठीवरच्या खांद्याच्या पात्याचा. एवढी मोकळीक असल्यामुळेच ती हरवली की दिवस अडतो. केसांत कंगवा फिरवता येत नाही, ब्लाउजचे किंवा अंतर्वस्त्राचे हूक लागत नाहीत, मागच्या खिशातले पाकीट निघत नाही, बसमध्ये वरची कडी धरता येत नाही, रात्री त्या कुशीवर वळता येत नाही. वेणी घालण्यासाठी सुनेपुढे किंवा मुलीपुढे बसायची वेळ पन्नाशीतच आली, तर बाई बोलत नाही, पण मनातून खचते. पुष्कळ जणी केसच कापून टाकतात. त्याची नोंद कुठल्याही केसपेपरवर होत नाही.

खांदा असा आखडण्याला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हणतात. हा आजार मुख्यतः चाळीस ते साठ या वयातला, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होणारा आणि मधुमेह्यांचा तर खास पाठलाग करणारा. शंभर माणसांत दोन ते पाच जणांना तो होतो असे धरले जाते. मधुमेह असणाऱ्यांत हे प्रमाण कितीतरी पट वाढते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत. म्हणजे आखडलेल्या खांद्यांची मोजदाद कुणी केली नसली, तरी ती लाखांच्या घरात जाणार हे उघड आहे. त्यांत पडून दंडाचे हाड मोडलेले, स्नायूचा दोर तुटून शस्त्रक्रिया झालेले, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात उचलता न येणाऱ्या स्त्रिया, पक्षाघातातून उठलेले, असे सगळे मिळवले पाहिजेत. या साऱ्यांचे दुखणे एक नव्हे आणि व्यायामही एक नव्हेत. शिवलेल्या दोराला कित्येक आठवडे ताण चालत नाही. आखडलेल्या खांद्याला हालचाल हवी असते. तेव्हा आधी निदान आणि मग व्यायाम, हा क्रम कुणी उलटा करू नये. शेजारणीला दिलेला कागद आपल्याला चालत नाही.

‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव रूढ केले ते बॉस्टनच्या डॉ. अर्नेस्ट कॉडमन यांनी, १९३४ साली, खांद्यावर लिहिलेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात. कागदावरचा तो वाकून हात लोंबता सोडणारा माणूसही मूळचा त्यांचाच. वाकले की हाताचे वजनच सांध्याला हलके ओढते आणि स्नायूंनी जोर न लावता हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो. कल्पना सुंदर आहे. पण या आजाराची चाल फार संथ. आधी दुखत दुखत आखडतो, मग दुखणे कमी होऊन आखडलेलाच राहतो, मग हळूहळू सुटतो. या सगळ्याला एकापासून तीन वर्षे लागू शकतात. आजचा व्यायाम उद्या दिसत नाही, परवाही दिसत नाही. महिन्याभरात हात चार बोटे वर गेला, तर तो रोज पाहणाऱ्याला गेल्यासारखा वाटतच नाही. प्रस्तुत लेखकाने आपल्या डाव्या खांद्यासाठी हे मोजणे केलेले आहे, आणि सातानंतर आठ म्हणायच्या ऐवजी दहा म्हणून मोकळे होण्याचा मोह किती जबर असतो, हे तो स्वानुभवाने सांगू शकतो.

मग करायचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर १९९१ सालच्या एका छोट्या प्रयोगात सापडते. तो खांद्यावरचा नव्हता, आणि मोठ्या माणसांवरचाही नव्हता. एडिंबरा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली आणि त्यांचे दोन सहकारी यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहान मुलांच्या हाताची वळण्याची हालचाल मोजली. एकदा मुलांना सांगितले, हातातली दांडी या बाजूला आणि त्या बाजूला जितकी वळवता येईल तितकी वळवा. दुसऱ्यांदा दोन्ही बाजूंना ढोलकी ठेवली आणि सांगितले, वाजवा. हालचाल तीच, हात तेच, मुले तीच. पण ढोलकी वाजवताना हात जास्त वळला. डॉक्टरी तपासणीत ‘एवढेच वळते’ असे लिहिले गेले असते त्याच्या पुढे तो गेला. पुढे १९९८ पासून गॅब्रिएल वुल्फ यांनी खेळाडूंच्या आणि सामान्य माणसांच्या हालचालींवर जे काम केले, त्याचा रोखही हाच आहे. आपल्या अवयवाकडे लक्ष देऊन केलेल्या हालचालीपेक्षा, त्या हालचालीने बाहेर काय घडते तिकडे लक्ष देऊन केलेली हालचाल अधिक सफाईची होते आणि चांगली शिकली जाते. सोप्या मराठीत सांगायचे, तर ‘हात वर करा’ यापेक्षा ‘तो डबा काढा’ हे अधिक चांगले औषध आहे.

आपल्याकडे हे शहाणपण प्रयोगाविना होते. जात्यावर बसलेल्या बाईच्या खांद्याचा विचार करा. पहाटेच्या अंधारात तासन् तास तोच खुंटा, तेच वर्तुळ, शेकडो वेळा. याहून कंटाळवाणी हालचाल कल्पनेत येणार नाही. पण त्या बायकांनी फेरे मोजले नाहीत, ओव्या म्हटल्या. एक सरली की दुसरी सुचायची आणि तोवर पायलीभर दळण झालेले असायचे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. साहित्य म्हणून, समाजाचा दस्तऐवज म्हणून त्यांचे मोल मोठे आहेच; पण शरीराला नकोसे झालेले काम मनाने कसे तडीस न्यावे, याचीही ती एक प्रचंड वही आहे.

इथे एक गैरसमज लगेच खोडला पाहिजे, कारण तो आपल्याला फार सोयीचा आहे. ‘पूर्वीच्या बायका जात्यावर दळत, म्हणून त्यांचे खांदे ठणठणीत असत’ असे म्हणणारे काका प्रत्येक लग्नात भेटतात. जात्यावर दळणाऱ्या बायकांचे खांदे दुखतच होते. त्यांना कुणी विचारत नव्हते, इतकेच. शिवाय जात्याचा फेरा छातीच्या उंचीवरचा, त्याने हात डोक्यावर जात नाही. ‘घरकाम हाच व्यायाम’ हे वाक्य तर बहुतेक वेळा घरकाम न करणाऱ्याच्याच तोंडी असते. खांदा धरलेल्या बाईला केर-फरशी, बादल्या आणि कणकेचा गोळा हे सगळे करायला लावून वर ‘तुझा व्यायाम आपोआप होतो’ म्हणणे ही उपचाराची नव्हे, अंग काढून घेण्याची पद्धत आहे. काम हे तिच्या मनाजोगे, तिच्या मापाने आणि तिला हवे तेव्हा थांबवता येईल असे असले तरच ते औषध होते. जात्याकडून घ्यायची ती ओवी, जाते नव्हे.

कामाचाच उपचार करायचा हे एक रीतसर शास्त्र आहे आणि त्याचे आशियातले पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाले, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. ते काढणाऱ्या कमलाताई निंबकर मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव. लग्न होऊन त्या इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे माणसाला त्याच्या रोजच्या जगण्यातल्या कामांकडे, त्या कामांच्याच वाटेने परत नेणे. आज या शाखेचे शिक्षण घेतलेली माणसे मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांबाहेर क्वचित दिसतात, आणि दिसली तरी ‘म्हणजे फिजिओथेरपीच ना?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यात त्यांचा निम्मा दिवस जातो.

खरे तर सुरुवात एका प्रश्नाने व्हायला हवी. ‘‘काकू, या हातानं पहिल्यांदा काय करता आलं तर तुम्हांला बरं वाटेल?’’ उत्तरे ऐकण्यासारखी असतात. कुणाला देवळातली घंटा वाजवायची असते, कुणाला नातवाला उचलायचे असते, कुणाला स्वतःची वेणी, कुणाला माळ्यावरचे फराळाचे डबे, रिक्षावाल्याला मागच्या सीटवरचे मीटरचे पैसे घेण्यासाठी हात मागे न्यायचा असतो. या उत्तरातच व्यायाम असतो. घंटा हवी असेल, तर दाराच्या चौकटीला दोरीने एक घंटा टांगावी. आज जिथे हात पोचतो त्याच्या दोन बोटे वर. पोचली की दोरी आखडून घ्यावी. वेणीचे स्वप्न असेल, तर आधी मानेमागे हात, मग कानापर्यंत, मग कंगवा, मग रबर. वाड्यांत आणि चाळींत छताखालच्या दांडीवर काठीने साडी वाळत घालण्याची पद्धत होती. दुखऱ्या हाताला चांगल्या हाताची मदत देऊन, दोन्ही हातांनी काठी वर नेण्याचा जो व्यायाम आज शिकवतात, तो याहून फारसा वेगळा नाही. ओला रुमाल दांडीवर टाकायचा आणि काढायचा; दहा वेळा मोजावे लागत नाही. आंघोळीनंतर पंचाने तिरकी पाठ पुसणे म्हणजे कागदावरचा तो टॉवेलवाला माणूसच. ऊन पाण्याने अंग सैल झालेले असते, वेळ ठरलेली असते आणि वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. अमुक एका सवयीच्या पाठीला बांधलेला व्यायाम टिकतो. घड्याळात गजर लावून केलेला फार टिकत नाही.

आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. बोटे जिथे पोचली तिथे एक रेघ, शेजारी तारीख. आठवड्यातून एकदाच, रोज नाही. मुलांची उंची आपण दाराच्या चौकटीवर अशीच मोजतो, आणि मूल वाढताना दिसत नाही पण रेघा वाढताना दिसतात. डोळ्याला न दिसणारी प्रगती दिसू लागली, की माणूस कागद फ्रिजवरून काढून परत टेबलावर आणतो.

दोन गोष्टींची सावधगिरी मात्र हवी. पहिली फसवणुकीची. आखडलेला खांदा वर जात नसला की माणूस नकळत कंबरेतून वाकतो, खांदा कानाकडे उचलतो, आणि हात वर गेल्याचा भास होतो. घंटा वाजते, पण खांदा हललेला नसतो. इथे जाणत्या माणसाची नजर लागते. ती रोज मिळत नसेल, तर आरसा चालतो. व्हिडिओ गेमच्या पडद्यासमोर हात हलवून फुगे फोडायचे जे व्यायाम निघाले, त्यांतही ही अडचण आहेच. २००६ साली निन्टेंडोचा ‘वी’ आला, २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ आला, रुग्णालयांनी दोन्ही हौसेने घेतले. २०१७ मध्ये ‘किनेक्ट’चे उत्पादन बंदही झाले. आता तेच काम मोबाइलवरची ॲप्स करतात. त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. गुण मिळतात, आकडा वाढतो, नातू बरोबर खेळायला बसतो, हे सारे उपयोगाचेच. पण फुगा दुसऱ्याचा असतो आणि घंटा आपली असते. नवलाई ओसरली की फरक पडतो तो तिथे.

दुसरी गोष्ट दुखण्याची. ‘दुखल्याशिवाय सुटत नाही’ या समजुतीने कितीतरी खांदे पिळले गेले आहेत. नेदरलँडमधल्या ग्रोनिंगनच्या डॉक्टरांनी २००४ साली फ्रोजन शोल्डरच्या ७७ रुग्णांची दोन वर्षांची हकिगत प्रसिद्ध केली. एका गटाला दुखण्याच्या पलीकडे नेणारा जोरकस उपचार दिला. दुसऱ्या गटाला आजार समजावून सांगितला, सोसेल तेवढीच हालचाल करायला सांगितले आणि सोसतील ती रोजची कामे सुरू ठेवायला लावली. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ८९ टक्क्यांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता, पहिल्यातल्या ६३ टक्क्यांचा. अभ्यास लहान आहे आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तेव्हा त्यावर देऊळ उभारू नये. पण दार बंद करून हात ओढणाऱ्या हाडवैद्याकडे जाण्याआधी तो आठवावा. व्यायामानंतर थोडे दुखले आणि लवकरच थांबले तर ठीक. रात्रभर ठणकले तर दुसऱ्या दिवशी माप कमी करावे.

आता पैशाचे. खांद्याच्या उपचाराला गेलेल्या माणसाचा अनुभव बहुधा असा, की वीस मिनिटे यंत्राचा शेक, दहा मिनिटे दुसऱ्या यंत्राच्या मुंग्या आणि पाच मिनिटांत व्यायाम ‘दाखवून’ मोकळे. यात त्या तरुण फिजिओथेरपिस्ट मुलामुलींचा दोष नाही. बाहेर बारा जण बसलेले असतात, आणि बिल यंत्राचे होते. बोलण्याचे होत नाही. वास्तविक आखडलेल्या खांद्यावर अशा यंत्रांचा उपयोग किती, याचा पुरावा फार तोकडा आहे. बोलण्याचा मात्र आहे. ब्रिटनमध्ये रोटेटर कफच्या दुखण्याच्या ७०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ‘ग्रास्प’ चाचणीत एका गटाला फिजिओथेरपिस्टबरोबर सहापर्यंत भेटी मिळाल्या आणि दुसऱ्याला एकच, पण निवांत, तासाभरापर्यंतची, समजावून सांगणारी. वर्षभरानंतर दोघांत फरक आढळला नाही. याचा अर्थ भेटी निरुपयोगी, असा काढणे घाईचे होईल. अर्थ एवढाच, की पहिली भेट नीट झाली तर पुष्कळ काम तिथेच होते. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या ‘प्रॉस्पर’ चाचणीत स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३९२ स्त्रिया होत्या. ज्यांना शस्त्रक्रियेनंतर सात-दहा दिवसांत आखीव व्यायाम आणि तो टिकवण्यासाठी आधार मिळाला, त्यांचा हात वर्षाने अधिक चांगला चालत होता. आपल्याकडे अशा किती जणींना टाके काढताना ‘हात जपा’ एवढेच सांगून घरी पाठवतात, आणि त्या तो इतका जपतात की तो वर जाणेच विसरतो.

तेव्हा मागणी फार मोठी नाही. पहिल्या दिवशी एक तास, आणि त्या तासाचे रीतसर शुल्क. कागद मराठीत, वाचता येईल असा, आणि त्यावर छापील आकड्याऐवजी त्या माणसाने सांगितलेले काम हाताने लिहिलेले. जिल्हा रुग्णालयात निदान एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आठवड्यातून एक दिवस खांद्याच्या रुग्णांचा एकत्र वर्ग, कारण बायका एकमेकींना जे सांगतात ते कुठल्याच कागदावर मावत नाही. या सर्व व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. नोंदणी आणि अभ्यासक्रम यांपलीकडे जाऊन बोलण्याच्या वेळेला किंमत देण्याचा विचारही त्या चौकटीत व्हायला हरकत नसावी.

शेवटी पुन्हा कॉडमन यांच्याकडे जावे लागते. खांद्याला नाव देण्याच्या कितीतरी आधी या गृहस्थांनी एक साधा हट्ट धरला होता, की रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले हे वर्षभराने विचारावे आणि ते उघड करावे. सहकाऱ्यांना ते झोंबले. १९१४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला. आपल्या स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात आपल्याच १२३ चुका मोजून दाखवल्या. त्यांचे १९४० साली निधन झाले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांच्या थडग्यावर दगडही नव्हता. तो २०१४ साली बसवला गेला. त्यांचा लंबकाचा व्यायाम मात्र जगभरच्या झेरॉक्स कागदांवर पोचला. त्यांचा दुसरा आग्रह तेवढा पोचला नाही. उपचार संपल्यावर वर्षाने रुग्णालयातून एक फोन यावा आणि तीनच गोष्टी विचारल्या जाव्यात : वेणी घालता का, हूक लागतात का, माळ्यावरचा डबा कोण काढतं?